शुगर अचानक वाढणं

डायबेटिस असलेल्या माणसाचं खाणं, गोळ्या, इन्सुलिन सगळं रोजच्यासारखंच चालू असताना रक्तातली साखर मध्येच नेहमीपेक्षा बरीच वर दिसायला लागते, त्याला घरोघरी शुगर अचानक वाढली असं म्हणतात. साधारण हिशोब असा की उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पण ते कोण म्हणतंय, सगळे नुसता आकडाच सांगतात) असली की बऱ्याच जणांसाठी ठीक धरतात, फार वय झालेल्यांना डॉक्टर थोडी सूट देतात. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही घरात हा आकडा २८० दिसला की पहिलं वाक्य ठरलेलं, काय चोरून खाल्लंस? आणि मालवणकडची आजी असेल तर उत्तर पण ठरलेलं, "गोड कायच खाऊक नाय, तरी कशी वाढली?" आजी बऱ्याच वेळा खरं बोलत असते. साखर वाढायला गोडच खावं लागतं असं नाही, आणि कधीकधी तर ती वाढलेलीच नसते, नुसती मशीनला तशी दिसते.

आधी हात धुतले का

मे महिन्यात अढीतले आंबे निवडायचे, दुपारच्या रसासाठी दहाबारा पिळायचे, हात पदराला पुसायचे आणि तसंच बोटाला सुई टोचून मशीनवर बघायचं, की आकडा बघून घाबरगुंडी. पट्टीला लागतं ते रक्त एवढंसं असतं की बोटावर राहिलेला रसाचा पातळ थरसुद्धा आकडा शंभरदीडशेनं वर नेऊ शकतो. जपानमध्ये २०११ साली हे नीट तपासून झालंय, तिथं संत्री, द्राक्षं, किवी सोलायला लावली होती आणि त्यातली गंमत म्हणजे स्पिरिटचा बोळा फिरवूनसुद्धा आकडा खोटाच येत होता, नळाखाली हात धुतल्यावरच खरा आला. आपल्याकडं हापूस लावून बघितला असता तर काय झालं असतं कोण जाणे. तेव्हा आकडा विचित्र आला की साबणानं हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे आणि दुसऱ्या बोटाचं रक्त घेऊन परत बघायचं. पाणी राहिलं बोटावर तर उलट कमी दाखवेल.

पट्ट्यांचं पण तसंच. आपल्या हवेत जून ते सप्टेंबर मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं, तिथं पट्टीच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर पट्ट्या दमट होऊन वाटेल ते आकडे देतात. आणि मशीन चांगली असली तरी १५ टक्के इकडंतिकडं चालतंच, म्हणजे खरी २०० असेल तर १७० पण दिसेल आणि २३० पण, त्यामुळं कालपेक्षा आज वीसनं वाढली म्हणून रडत बसण्यात अर्थ नाही.

आतून येणारी साखर

आता खरोखर वाढलेली असेल तेव्हाचं बघू. लिव्हर हे शरीराचं साखरेचं कोठार, जेवण नसतं तेव्हा ते थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं आणि इन्सुलिन त्याला आवर घालतं. पहाटे तीनच्या पुढं अंगात कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वगैरे वाढतात, ते लिव्हरला सांगतात की उठायची वेळ झाली, सोड माल. निरोगी माणसात तेवढंच इन्सुलिन वाढतं आणि कुणाला पत्ता लागत नाही, डायबेटिसमध्ये ते पुरत नाही म्हणून रात्री झोपताना १३० असलेली शुगर सकाळी न खाता १८० होते. याला डॉन फिनॉमिनन म्हणतात, पहाटेची वाढ म्हणा हवं तर. तालुक्याच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला गावातून पहिली एसटी पकडून जायचं, तिथं रांग, नंबर लागेपर्यंत दहा वाजतात, तोपर्यंत लिव्हरचं काम चालूच, मग तो आकडा घरी सहा वाजता बघितलेल्यापेक्षा जास्त आला तर लॅबवाल्याची चूक असेलच असं नाही. रात्री शुगर खूप उतरली म्हणून सकाळी उसळी मारून वर आली, असंही एक स्पष्टीकरण १९३० च्या दशकात सोमोगी नावाच्या केमिस्टनं दिलं होतं आणि ते अजून सांगितलं जातं, पण दंडावर सेन्सर लावून रात्रभर बघायला लागल्यापासून असं फार क्वचित होतं असं दिसलंय. दोनचार रात्री तीन वाजता उठून बघितलं की आपल्या बाबतीत कुठलं खरं ते कळतं.

ताप आला, दाढ सुजली, लघवीला जळजळ झाली तरी तेच हार्मोन उसळतात, आणि माणूस काही न जेवता पडलेला असला तरी शुगर वाढते. इथं सगळ्यात मोठी चूक होते, पोटात काही नाही मग इन्सुलिन कशाला, असं म्हणून डोस बंद करतात आणि वर कपभर ओआरएस नाहीतर मऊ पेज देतात. डोस किती ठेवायचा ते डॉक्टरला फोन करून विचारावं, काही गोळ्या आजारपणात थांबवाव्यापण लागतात, पण इन्सुलिन स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. भातलावणीच्या दिवसांत आणखी एक भानगड, अनवाणी चिखलात उतरायचं, पायाला मुंग्या येऊन येऊन संवेदना गेलेली, त्यामुळं काटा रुतला तरी कळत नाही आणि आत पू होत राहतो. आठवडाभर कारण नसताना शुगर वर असेल तर तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघाव्यात, जखम दुखायच्या आधी मशीननंच सांगितलेली असते कित्येकदा.

स्टेरॉइड तर सगळ्यात जोरदार. दम्याला, अंगावर पुरळ उठलं म्हणून किंवा गुडघ्यात इंजेक्शन म्हणून दिलं की काही दिवस शुगर हाताबाहेर जाते, सकाळी बरी आणि दुपार-संध्याकाळी ३०० च्या पुढं असा तिचा खाक्या. २०२१ ला कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड आणि वाढलेली शुगर या जोडीनं म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, किती पेशंट झाले ते आठवत असेल. बाजारात सांधेदुखीवर बिननावाची पुडी मिळते ना, दोन दिवसांत गुडघे पळायला लागतात ती, त्यात बऱ्याचदा हेच मिसळलेलं असतं आणि घरात कुणाला सांगायची पद्धत नसते.

गणपतीत मात्र सगळी कारणं एकाच वेळी येतात. चाकरमानी मुंबई-गोवा हायवेवर बारा-चौदा तास बसून आलेला, गोळीची वेळ चुकलेली, मग रात्री भजनं, दीड-दोनला झोप, चहाचे कप कोण मोजतंय. नुसती झोप कमी पडली तरी इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यामुळं दोष एकट्या मोदकाला देऊन चालत नाही, जरी मोदक निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. सारणात गूळ आहे, साखर नाही, असं सांगणारे भेटतातच, रक्ताला त्यानं काही फरक पडत नाही.

इन्सुलिनच गेलेलं असतं

न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीत ठेवायची, वापरात असलेली साधारण २८ दिवस ३० डिग्रीच्या आत बाहेर चालते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात ३० कुठलं. आणि उलट टोक म्हणजे फ्रीजच्या वरच्या खणात सुरमई-बांगड्याशेजारी ठेवलेली, बर्फ झालेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं पण भरवशाचं राहत नाही, फेकूनच द्यायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा कितीतरी गावांत खूप दिवस लाईट नव्हती, अशा वेळी फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. मातीच्या मडक्यात बाटली ठेवायची युक्ती चांगलीच आहे, पण ती पाणी उडून जाण्यावर चालते, आपल्या दमट हवेत देशावरच्याइतका गारवा येत नाही, तेव्हा थर्मासची बाटली किंवा ज्याच्याकडं इन्व्हर्टर आहे तो शेजारी बघून ठेवलेला बरा.

सिरिंजची गोष्ट तर डोक्याला ताप. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक यू-४० असतं, म्हणजे एका मिलिलिटरात ४० युनिट, त्याची सिरिंज लाल टोपीची, आणि यू-१०० वाली (मिलिलिटरात १०० युनिट) केशरी टोपीची. लाल मिळाली नाही म्हणून केशरीनं तेवढ्याच रेघेपर्यंत ओढलं तर ४० च्या जागी १६ युनिटच अंगात जातात, शुगर वाढणारच. (उलटं केलं तर अडीच पट जातं आणि ते जिवावर बेततं.) दुधाळ इन्सुलिन तळहातांत घोळवून न घेणं, पोटावर रोज तीच सोयीची जागा टोचून तिथं गाठ होणं, त्या गाठीत टोचलेलं वेळेवर रक्तात न उतरणं, ही पण तसलीच कारणं, गाठीत टोचलं तर दुखत नाही म्हणून माणूस ती जागा सोडत नाही.

ताटातलं, पण गोड नसलेलं

उकडा तांदूळ पॉलिशच्या पांढऱ्या तांदळापेक्षा सावकाश साखर वाढवतो हे खरं, पण तोच घोटून घोटून मऊ पेज केला की पटकन पचतो आणि पटकन चढतो. आगळात, म्हणजे कोकमाच्या नुसत्या आंबट रसात, मीठ असतं, कोकम सरबताच्या बाटलीत साखरेचा पाक, लोक दोन्हीला कोकमच म्हणतात आणि तिथंच फसतात. आंबापोळी-फणसपोळी म्हणजे आटवलेला रस, लहान तुकड्यात मोठी साखर. तेलकट, नारळाच्या वाटपाचं रात्री उशिरा जेवण असेल तर दोन तासांनी शुगर बरी दिसते आणि चार-पाच तासांनी, माणूस झोपेत असताना, वर जाते, म्हणून सकाळचा आकडा कधीकधी कालच्या रात्रीचा असतो.

शुगर सतत २५० च्या वर आणि जोडीला उलट्या, पोटात दुखणं, खोल जोरजोरात श्वास, गुंगी असं असेल तर रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळायला लागली की तयार होणारी आम्लं) चढलेले असू शकतात, तेव्हा सकाळच्या गाडीची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठायचं, जाताना बाटली, सिरिंज, गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून. आणि नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असलेली गोळी चालू असेल तर शुगर फारशी न वाढतासुद्धा हे होऊ शकतं, मशीनवर १९० दिसतंय म्हणून उलट्यांकडं दुर्लक्ष करायचं नाही.