अंड्यांचे ट्रे, रजया आणि घुमणारी खोली

पाचशे रुपयांत घरच्या घरी साउंडप्रूफ स्टुडिओ करून देणारे व्हिडिओ हल्ली प्रत्येकाच्या फोनवर येऊन पडतात. कृती ठरलेली: भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा, वर काळा रंग मारा, कोपऱ्यात एक जांभळा दिवा लावा. खोली दिसते झकास. ऐकू कशी येते हे मात्र कळत नाही, कारण व्हिडिओभर मागे संगीत वाजत असतं.

आमच्या ग्वाल्हेरातल्या काही मराठी तरुणांनी इंटरनेट रेडिओ काढायचं मनावर घेतलं आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे तळ दिला आणि त्या तळाचंच पुढे लश्कर नावाचं शहर झालं. त्या काळात आलेल्या घराण्यांची आजची पिढी पुणे, बंगळुरू, अमेरिका अशी पांगलेली. त्यांना इथलं कीर्तन, इथलं गाणं आणि हिंदीचा हेल असलेली इथली मराठी ऐकवायची, असा बेत आहे. जागा मिळाली दौलतगंजातल्या एका जुन्या वाड्यात, माडीवर. दगडी भिंती, खाली फरशी, वर लोखंडी गर्डरांवर टाकलेल्या दगडी पट्ट्यांचं छत. ट्रे चिकटवून झाल्यावर मला निरोप आला, "काका, एवढे ट्रे लावले तरी खोली घुमतेच. अजून एक थर मारू का?"

जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे आ बैल मुझे मार.

दुसरा थर लावून काही होणार नाही, कारण मुळात दोन कामांची गल्लत झाली आहे. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम. आत निघालेला आवाज भिंतींवर आपटत घुमू न देणं हे दुसरं. पहिल्याला वजन लागतं: भिंतीचं वजन दुप्पट केलं, तर ढोबळमानानं आणखी ६ डेसिबल आवाज अडतो. हातभर जाडीच्या दगडी भिंतीच्या वजनात, शंभर ग्रॅमही न भरणारा कागदी लगद्याचा ट्रे काय भर घालणार? दुसऱ्या कामाला उलट भोकाभोकांची, हवा आत शिरेल अशी वस्तू लागते. उघडी खिडकी घ्या. घुमण्याच्या हिशेबात तिच्यासारखं शोषक नाही, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. बाहेरचा गोंगाट अडवण्याच्या हिशेबात तीच शून्य.

उघड्या खिडकीचं हे माप वॉलेस सॅबिन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचं. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कला संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह सुरू झालं आणि आत कोणाचंच बोलणं कोणाला समजेना. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमायचा. तेवढ्यात वक्ता दोन वाक्यं पुढे गेलेला असायचा. विद्यापीठानं हे लचांड २७ वर्षांच्या सॅबिन यांच्या गळ्यात बांधलं. त्यांनी ५१२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५१२ कंपनांचा सूर देणारी एक ऑर्गनची नळी घेतली, काळ मोजायचं यंत्र घेतलं आणि कानांवर भरवसा ठेवला. जवळच्या सँडर्स थिएटरच्या आसनांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या थोड्या मांडत जाऊन आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि उजाडायच्या आत गाद्या जागच्या जागी. मोजमाप रात्री, कारण दिवसा रस्त्यावरच्या वर्दळीत ते जमणार नव्हतं. त्यातून निघालेलं सूत्र आजही पहिल्या अंदाजाला पुरतं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. शोषण मोजायचं 'किती चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं' असं. उत्तर येतं सेकंदांत, आवाज ६० डेसिबलनं उतरायला लागणारा वेळ. हेच गणित वापरून बांधलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल १९०० साली उघडलं आणि अजूनही जगातल्या उत्तम सभागृहांत गणलं जातं.

आता आमची माडी. लांबी ३.६ मीटर, रुंदी ३, उंची ३, घनफळ ३२.४ घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून ६१ चौरस मीटर, पण दगड आणि चुना आवाजाचा शेकडा दोन-तीन भागच शोषतात. म्हणजे जेमतेम १.८ चौरस मीटर उघडी खिडकी. सूत्रात घातलं की उत्तर २.८ सेकंद. बोलण्याच्या स्टुडिओला हवेत ०.३ सेकंद, आणि त्यासाठी लागतात १७ चौरस मीटर. इतकी तूट ट्रे भरून काढत नाहीत.

का नाही, हा माझ्या आवडीचा भाग, तेव्हा इथे जरा ऐसपैस बसतो.

आवाज म्हणजे हवेच्या कणांचं पुढेमागे हलणं, हे शाळेत झालेलं आहे. कापूस, लोकर, काचलोकर यांच्या धाग्यांमधून ही हलणारी हवा जाते तेव्हा धाग्यांना घासते, आणि हालचालीतली ऊर्जा उष्णतेत जाते. इतकी थोडी उष्णता, की तापमापकाला पत्ताही लागणार नाही. शोषण म्हणजे हे घर्षण, दुसरं काही नाही. पण घर्षणाला हालचाल हवी. भिंतीला अगदी चिकटलेल्या हवेच्या कणाला पुढे सरकायला जागाच नसते. तिथे दाब सगळ्यात जास्त चढतो-उतरतो, कणांचा वेग मात्र शून्य. खुंटीला बांधलेली दोरी हलवून पाहा: खुंटीपाशी ती हलत नाही, पहिला मोठा फुगवटा येतो तो थोड्या अंतरावर. आवाजाच्या बाबतीत हे अंतर तरंगलांबीच्या पावपट.

म्हणजे भिंतीला चिकटवलेली पातळ वस्तू, मग ती कितीही शोषक असो, नेमकी तिथे बसलेली असते जिथे हवा हलत नाही. चांगला पहारेकरी, पण चोर ज्या वाटेनं येतच नाही त्या वाटेवर उभा केलेला.

आकडे लावून पाहू. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. 'स'चा सीत्कार ५,००० हर्ट्झच्या आसपास, तरंगलांबी ७ सेंटीमीटर, पाव केली की पावणेदोन. १,००० हर्ट्झला हेच अंतर साडेआठ सेंटीमीटर होतं आणि १०० हर्ट्झला, म्हणजे पुरुषाच्या भारदस्त आवाजाच्या तळाशी, ८६ सेंटीमीटर. ट्रेचे उंचवटे चार-पाच सेंटीमीटरचे, आणि लगदा दाबून केलेला दोनेक मिलिमीटर जाडीचा. तो वरचे सूर थोडे खातो, खालचे तसेच सोडतो. त्यामुळे 'स', 'श', 'च' यांची धार जाते आणि मधला-खालचा गुंगाट शिल्लक राहतो. मुलांची तक्रार खरी होती: ट्रे लावल्यावरही खोली घुमतच होती, वर आवाज आधीपेक्षा कोंदट झाला होता. एकावर एक दुसरा थर लावला, तर खाल्लेलंच पुन्हा खाल्लं जाणार.

उपाय दोन, जाडी आणि पोकळी. त्यातली पोकळी फुकट मिळते. १० सेंटीमीटर जाडीचा शोषक भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे टांगला, की त्याचा दर्शनी भाग २० सेंटीमीटरवर येतो आणि ४३० हर्ट्झला तो वेगाच्या ऐन फुगवट्यात असतो. त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतही बऱ्यापैकी काम करतो. ग्वाल्हेरच्या थंडीमुळे इथल्या घरांत जुन्या कापसाच्या रजयांना तोटा नाही. दुहेरी घडी घालून त्या बांबूंवर टाकल्या आणि बांबू भिंतीपासून वीतभर पुढे बांधले. आधी खोलीच्या मध्ये टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती 'टर्रर्र' करत पळायची. दोन लगतच्या भिंतींवर रजया चढल्यावर टाळी फक्त 'टप्' झाली. छताचा आवाज राहिला होता, तेव्हा माइकच्या बरोबर वर गर्डरला एक रजई आडवी बांधली. चार कोपऱ्यांत सुटा कापूस भरलेल्या गोण्या उभ्या केल्या. दिसायला गादीवाल्याचं गोदाम.

एक गोष्ट गांभीर्यानं सांगतो. ट्रे, कापूस आणि बाजारातला स्वस्त फोम, तिन्ही पेटतात. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये २००३ साली एका नाइटक्लबात मंचावरच्या आतषबाजीनं भिंतीवरचा असाच फोम पेटला आणि १०० माणसं गेली. पैसे असतील तर खडकलोकर (रॉकवूल) घ्या, ती जळत नाही. नसतील तर स्टुडिओत उदबत्ती-निरांजनसुद्धा नको, आणि वायरिंग उघडं नको.

यापुढचा परिच्छेद थोडा कठीण आहे, गाळला तरी चालेल. मोठ्या सभागृहात सॅबिनचं सूत्र नीट चालतं. छोट्या खोलीत, आमच्या मापाला साधारण २०० हर्ट्झच्या खाली, आवाज 'घुमत' नाही तर खोली स्वतःचे ठरावीक सूर धरून बसते. दोन भिंतींमध्ये ज्या तरंगाचा अर्धा भाग बरोबर मावतो, तो तिथे ठाण मांडतो. ३ मीटरला हा सूर ५७ हर्ट्झ, त्याची दुप्पट ११५. रुंदी आणि उंची दोन्ही ३ मीटर, त्यामुळे दोघांचे सूर एकावर एक पडतात, आणि पुरुषाचा बोलण्याचा मूळ सूर १०० ते १३० च्या दरम्यान! अमुक शब्दावर आवाज एकदम फुगतो तो यामुळे. गंमत म्हणजे हा सूर ऋतूप्रमाणे बदलतो. तापलेल्या हवेत आवाज जास्त वेगानं जातो. जानेवारीत खोलीत १२ अंश असताना ११३ हर्ट्झ, मेमध्ये ३८ असताना ११८. शोषकानं इथे फार काही होत नाही, पण जागा बदलून होतं. ११५ हर्ट्झचा दाब भिंतीपासून आणि फरशीपासून पाऊण मीटरवर शून्य असतो, आणि तिथे बोलणारं तोंड तो सूर जागवतच नाही. खुर्चीवर बसलं की तोंड बरंच वर येतं, मांडी घालून बसलं की जवळजवळ पाऊण मीटरवर. म्हणून टेबल-खुर्ची काढून सतरंजी घातली. बैठकीचा हा फायदा मला आधी सुचला असता तर वर्गातही सांगितला असता.

माइकबद्दल थोडक्यात. तोंडापासून ६० सेंटीमीटरवरचा माइक १५ वर आणला, की थेट आवाज १२ डेसिबलनं चढतो आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. कुठल्याही रजईपेक्षा हे स्वस्त. महागड्या कंडेन्सर माइकची गरज नाही, इतक्या जवळून साधा डायनॅमिकही पुरतो.

स्टुडिओ झाल्याची बातमी पसरली तसे सल्लेही आले. एका हितचिंतकांनी सगळी गाणी ४३२ हर्ट्झला आणून लावा, मन शांत होतं, असं सुचवलं. दुसऱ्यांनी निवेदकांना हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी नेऊन चिंचेचा पाला खाऊ घालायला सांगितलं, गळा गोड होतो म्हणून. 'सा' कुठे धरायचा हे आपल्याकडे गाणारा आपापल्या गळ्याप्रमाणे ठरवत आला आहे, एका आकड्यात जादू असती तर ती आपल्या गवयांना केव्हाच सापडली असती. आणि चिंचेचा पाला स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही, तो अन्ननलिकेतून जातो. चटणीला छान लागतो. ग्वाल्हेरच्या गवयांच्या गळ्यामागे पाला नव्हता, पहाटेचा रियाज होता.

राहिलं बाहेरच्या आवाजाचं. भिंती दगडी असल्यानं सगळा घोळ दाराचा. दाराखाली एक सेंटीमीटरची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही, पण ती असेपर्यंत सागवानी काय, लोखंडी दार लावलं तरी ते २३ डेसिबलच्या पलीकडे अडवू शकत नाही. खाली रबराची पट्टी मारा, पाचशे रुपये इथे खर्च करा. मग खरा पेच येतो: फट बुजली की हवाही बंद, आणि मे महिन्यात ग्वाल्हेरात कूलरशिवाय बसणं अशक्य. कूलर म्हणजे पंखा, पाण्याची मोटर आणि थरथरणारा पत्रा. त्यावर तोडगा एवढाच निघाला की रेकॉर्डिंगआधी अर्धा तास खोली गार करायची, कूलर बंद करायचा, वीस मिनिटं बोलायचं, घाम पुसायचा, पुन्हा कूलर. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं आवाजाच्या मिक्सरवरच कापून टाकलं की उरलेली घरघर बरीच जाते.

प्रक्षेपणाचं गणित त्या मानानं किरकोळ. बोलण्याला सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात, म्हणजे ऐकणाऱ्याचा तासाला सुमारे २९ एमबी डेटा. घरच्या कनेक्शनवरून पन्नास जणांना थेट पाठवायचं तर ३.२ मेगाबिट सतत वर जायला हवेत, म्हणून एकच धारा भाड्याच्या सर्व्हरला द्यायची आणि वाटप त्यानं करायचं. गाण्यांच्या हक्कांची परवानगी मात्र आधी घ्या, इंटरनेटवर आहे म्हणजे सगळं आपलं असं नसतं.

आणि घरच्या लग्नाचं थेट प्रक्षेपण करणार असाल तर: ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये आवाज थोडा साठवून मग वाजतो, त्यामुळे तो वीस-तीस सेकंद मागे असतो. परदेशातल्या मावशीला 'शुभमंगल सावधान' ऐकू येईल तोवर इथे हार घालून झालेले असतील. मुहूर्त टळला म्हणून तिनं फोन करू नये, एवढं आधीच कळवून ठेवा.