शेठचा आवाज आला तरी पेमेंट सोडू नका

आमच्या सर्व ग्राहकांसाठी माहितीपत्रक. मालकांनी आधी स्वतः वाचावे, मग अकाउंटंटला द्यावे.

नमस्कार,

आम्ही तुमच्या वह्या लिहितो, जीएसटी भरतो, पगारपत्रकं करतो. कॉम्प्युटर सुरक्षेतले आम्ही तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण पैसा ऑफिसातून ज्या दाराने बाहेर जातो, त्या दाराशी आमची रोजची बैठक आहे, आणि चोर हल्ली तिथेच घुटमळताना दिसतात.

गेल्या गणपतीतली गोष्ट. साकीनाक्याला आमच्या एका ग्राहकाचा गाळा आहे. दुपारी तिथल्या अकाउंटंट ताईंना व्हॉट्सॲपवर मेसेज आला. नंबर नवा, डीपीवर मालकांचा फोटो. ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस. एका पार्टीला अर्जंट आरटीजीएस सोडायचाय.’ पाठोपाठ व्हॉइस नोट. आवाज मालकांचाच, ‘अगं ऐक’ म्हणायची ढबसुद्धा तीच. रक्कम ४ लाख ८० हजार. ताईंना एकच गोष्ट खटकली: मालक तर पहाटेच गाडी घेऊन गावाला निघाले होते, कशेडी घाटात कसली मीटिंग? त्यांनी वहिनींना फोन लावला. वहिनी मालकांच्या शेजारीच बसलेल्या. पेमेंट थांबलं.

नंतर ताई आम्हाला म्हणाल्या, ‘फोन लावताना हात थरथरत होता. खरंच मीटिंगमध्ये असते तर केवढे ओरडले असते!’ हे पत्रक आम्ही त्या एका वाक्यापायी छापलं आहे.

आवाज आणि चेहरा कुठून उचलतात?

तुमच्याकडूनच. नेस्कोच्या प्रदर्शनात स्टॉलवर दिलेली मुलाखत, मंडळाच्या स्टेजवरचं भाषण, दसऱ्याच्या मशीनपूजेची रील. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी फक्त ३ सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची नक्कल करणारी प्रणाली जाहीर केली. त्यानंतर अशी साधनं कुणालाही मिळण्याइतकी स्वस्त झाली. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या बीकेसीतल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजला लोकांना सावध करावं लागलं, कारण त्यांच्या प्रमुखांचा चेहरा-आवाज लावून शेअर सुचवणारे खोटे व्हिडिओ फिरत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनेही गव्हर्नरांच्या बनावट व्हिडिओंबद्दल इशारा दिला. म्हणून रील टाकणं बंद करा असं आम्ही म्हणणार नाही, धंदा करायचा तर दिसावं लागतंच. आवाज चोरीला जाणार हे गृहीत धरून चाला, इतकंच.

हाँगकाँगला काय झालं

२०२४ च्या सुरुवातीला अरुप या मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसात, वित्त विभागातल्या एका कर्मचाऱ्याला ब्रिटनमधल्या मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या नावाने मेसेज आला: गुप्त व्यवहार आहे, पैसे पाठवायचे आहेत. त्या माणसाला संशय आला होता, हे लक्षात घ्या. मग त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. समोर वित्त अधिकारी, बाकी ओळखीचे सहकारी. सगळे चेहरे बनावट होते, जुन्या व्हिडिओंवरून तयार केलेले. ते बघून त्याचा संशय फिटला आणि त्याने १५ वेळा मिळून ५ खात्यांत २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. मुख्य ऑफिसला विचारल्यावर घोटाळा उघडकीस आला. तो प्रश्न आधी विचारला असता तर?

इतकी कलाकुसर प्रत्येक वेळी लागतेच असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटचे १ कोटी १ लाख रुपये गेले ते कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सॲप मेसेजवर. ना व्हिडिओ, ना आवाज.

उलट जुलै २०२४ मध्ये फेरारी कंपनीच्या एका अधिकाऱ्याला मुख्याधिकाऱ्याच्या हुबेहूब आवाजात फोन आला, तेव्हा त्याने विचारलं, ‘तुम्ही मला परवा कोणतं पुस्तक वाचायला सांगितलंत?’ फोन कट. साहेबांना उलटा प्रश्न विचारायची त्या माणसाला भीती वाटली नाही, म्हणून कंपनी वाचली.

व्हिडिओ कॉलवर समोरच्याला मान वळवायला सांगा, तोंडासमोरून हात फिरवायला सांगा, ओठांची हालचाल बघा, असे सल्ले तुम्ही ऐकले असतील. करून बघायला हरकत नाही. पण त्यावर विसंबू नका, नकला महिन्यागणिक सुधारताहेत. शिवाय साडेसहाची लोकल पकडायच्या घाईत कोण कुणाचे ओठ बघत बसणार?

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा: उलटा फोन

नव्या खात्यात पैसे सोडायचे असतील, जुन्या पार्टीचं खातं बदललं म्हणून मेल आला असेल, किंवा तुम्ही ठरवलेल्या रकमेच्या वरचं पेमेंट असेल, तर अकाउंटंटने फोन ठेवायचा आणि आपल्याकडे लिहून ठेवलेल्या नंबरवर स्वतः फोन लावायचा. मेसेजमध्ये किंवा मेलच्या तळाशी आलेल्या नंबरवर लावायचा नाही, तो चोरानेच दिलेला असतो. नंबरांचं एक पान हाताने लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा: मालकांचे दोन्ही नंबर, घरचा एक, भागीदाराचा, मोठ्या पार्ट्यांचे. कुणीच उचललं नाही तर पेमेंट दुसऱ्या दिवशी. पार्टी फार तर कुरकुर करेल.

आता मालकांसाठी. हा नियम अकाउंटंट मोडत नाहीत, तुमच्या आवाजाने मोडतो. ‘मी सांगतोय ना, मग सोड’ हे वाक्य तुम्ही वर्षानुवर्षं वापरलं आहे, आणि चोराच्या व्हॉइस नोटमध्येही नेमकं तेच वाक्य असतं. तेव्हा स्टाफला जमवून, सगळ्यांसमोर सांगा: ‘मी कितीही चिडलो तरी उलटा फोन लावायचा. त्याबद्दल कुणाला बोलणी बसणार नाहीत.’ मग कधीतरी खरंच मीटिंगमध्ये असताना तो फोन येईल. तेव्हा शांत राहा. तिथे तुम्ही खेकसलात की नियम त्याच दिवशी संपला.

सोबत ऑफिसात एखादा परवलीचा प्रश्न ठेवा. वाढदिवस, गाव, मुलांची नावं चालणार नाहीत, ती फेसबुकवर असतात. ‘आपल्या पहिल्या गाळ्यातलं लेथ कोणत्या रंगाचं होतं’ असलं काहीतरी.

नेटबँकिंगमध्ये एकाने पेमेंट भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, अशी मेकर-चेकरची सोय असते. बँकेकडून ती चालू करून घ्या, रोजची मर्यादाही गरजेपुरतीच ठेवा. पण आम्ही बऱ्याच गाळ्यांत बघतो की मालकांचा ओटीपीवाला फोन अकाउंटंटच्याच ड्रॉवरमध्ये असतो. मग मेकरही तोच आणि चेकरही तोच. तो फोन आजच खिशात घ्या. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय बँकांना बंधनकारक केली आहे. ते नाव खरोखर वाचा. बिल स्टीलवाल्याचं आणि खातं भलत्याच माणसाच्या नावावर, तर तिथेच थांबा.

चोर आमच्या नावानेही येईल

आमच्या ऑफिसातून कुणीही तुम्हाला ओटीपी मागणार नाही. जीएसटी, टीडीएस, पीएफ यांचा भरणा चलनावर, सरकारी पोर्टलवरूनच होतो, आमच्या कुणाच्या खात्यात किंवा यूपीआयवर कधीच नाही. रिटर्नच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी ‘साहेब, लेट फी वाचवायची तर ह्या क्यूआरवर टाका’ असा आमच्यापैकी कुणाच्या आवाजात फोन आला, तरी तो आमचा नव्हे. आमच्या फीचं खातं बदललंच तर आमचा माणूस सहीचं पत्र घेऊन प्रत्यक्ष येईल, आणि तेव्हाही तुम्ही आमच्या जुन्या लँडलाइनवर फोन करून खात्री करा. आम्हाला राग येणार नाही.

पोलीस किंवा कस्टम्सचा माणूस व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे कॉलवरूनच अटक केली आहे, असं म्हणत असेल, तर कॉल तोडा. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही.

पैसे गेलेच तर

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन लावा, त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेला. यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा बँकेने दिलेला क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचं खातं हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच-दहा खात्यांत फुटत जातात आणि एटीएममधून निघतात. त्याआधी पुढचं खातं गोठवलं गेलं तरच काही वाचतं. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. मग पोलीस ठाण्यात जा. ‘आमची हद्द नाही’ असं उत्तर मिळालं तर झीरो एफआयआर मागा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. चॅट, व्हॉइस नोट, कॉलची नोंद काही पुसू नका.

आणि ज्याच्या हातून पैसे गेले त्याच्या पगारातून कापू नका. असं एका ठिकाणी झालं, आणि तिथल्या पुढच्या माणसाने दुसऱ्या वेळी झालेली फसवणूक दोन दिवस लपवून ठेवली.

जाता जाता: तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे डिजिटल सहीचे टोकन (पेनड्राइव्हसारखे दिसतात ते) पासवर्डच्या चिठ्ठीसकट आमच्या कपाटात पडून आहेत. ही सोय आमचीही होती, म्हणून दोष दोघांचा. या महिनाअखेरपर्यंत, कामाच्या कुठल्याही दिवशी, येऊन ते घेऊन जा. फोनवर ‘माणूस पाठवतो, त्याच्याकडे द्या’ म्हणालात तर आम्ही देणार नाही. तुम्हाला उलटा फोन लावू.