आधी जिवाणू, मग मासे

ठाण्यात किंवा नवी मुंबईत समुद्री माशांची टाकी लावायची म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: पाण्यात मीठ मिसळा, चार दिवस फिल्टर चालवा आणि दोन डॅमसेल सोडा, काटक मासा आहे, तगेल. कधीकधी तो तगतोही. पण त्या दिवसांत त्याचे कल्ले अमोनियाने भाजून निघत असतात. हा छळ टाळता येतो. त्यासाठी महिना-दीड महिना दम धरावा लागतो, एवढंच.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. समुद्रात तो विरून जातो, शंभर लिटरच्या टाकीत साठत राहतो. त्यात खाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन त्यातल्या त्यात निरुपद्रवी. मुक्त अमोनिया मात्र कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतो. पीएच 7 असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. समुद्री टाकीचा पीएच 8.2 च्या आसपास लागतो, आणि तिथे हेच प्रमाण साधारण दहापट होतं. म्हणजे अमोनिया मोजायच्या टेस्ट किटवर आकडा तोच दिसला, तरी समुद्री माशासाठी तो कितीतरी जास्त घातक असतो.

यावरचा इलाज निसर्गातच आहे. काही सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बेताच्या प्रमाणात मासे सहन करतात. हे काम जिवाणूंचे दोन गट वाटून घेतात, हे सर्गेई विनोग्राडस्की यांनी 1890 च्या सुमारास दाखवलं. मला त्याहून आवडणारी गोष्ट 2005 सालची आहे. अमेरिकेत सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका समुद्री टाकीच्या खडीतून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. तो जिवाणूसुद्धा नाही, आर्किया या निराळ्या कुळातला आहे, आणि त्याचे भाईबंद जगभरच्या समुद्रांत अमोनियावरच जगतात. शोध लागला तो एका टाकीच्या तळाशी!

ही मंडळी संथ वाढतात. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना बरेच तास, कधी दिवसभरही लागतो. टाकी 'सायकल' व्हायला, म्हणजे तिच्यात हे सूक्ष्मजीव पुरेसे वाढायला, लागणारा वेळ तो हाच.

सुरुवात पाण्यापासून. नवी मुंबईत नळाला येणारं मोरबे धरणाचं पाणी आपल्याला पिण्यासाठी क्लोरिन घालून शुद्ध केलेलं असतं, आणि तोच क्लोरिन या सूक्ष्मजीवांच्या मुळावर येतो. म्हणून आरओचं पाणी घ्यावं. मात्र घरच्या पिण्याच्या आरओ मशीनमध्ये चवीसाठी पुन्हा क्षार मिसळणारा भाग अनेकदा असतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून खात्री करा. लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार होतील इतकं समुद्री मीठ त्यात विरघळवायचं. वाशीच्या खाडीचं पाणी आणण्याचा मोह मात्र नको. त्या चिखलात हेच सूक्ष्मजीव राबत असतात हे खरं, पण सोबत सांडपाणीही येतं, आणि पावसाळ्यात खारटपणा पार उतरतो.

दगडांचंही जपून. प्रवाळ आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे परदेशी व्हिडिओत दिसतो तसा समुद्रातला प्रवाळखडक आणायचा नाही. सूक्ष्मजीवांच्या वस्तीला सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे पुरतात. एखाद्या मित्राच्या निरोगी, जुन्या समुद्री टाकीतला मूठभर मीडिया, म्हणजे फिल्टरमधले असेच सच्छिद्र तुकडे, मिळाला तर उत्तमच. विरजण लावल्यासारखं काम लवकर सुरू होतं.

आता या सूक्ष्मजीवांना खायला हवं. त्यासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाल्यांकडचा नको, त्यात भेसळ असू शकते. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. शंभर लिटरला साधारण 0.6 ग्रॅम घातला की अमोनिया 2 पीपीएमच्या, म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅमच्या, आसपास जातो. जास्त घालून वेग वाढत नाही, उलट अतिरेक झाला तर हेच सूक्ष्मजीव अडखळतात.

मग टेस्ट किट. नेहमीच्या द्रव किटमध्ये अमोनियाची नळी आधी हिरवी दिसते आणि दिवसेंदिवस पिवळ्याकडे सरकते. त्याच सुमारास नायट्राइटची नळी निळ्याची जांभळी होते आणि तशीच अडून बसते. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पण दुसऱ्या गटाचं अन्नच पहिल्या गटाने तयार करायचं असतं, त्यामुळे तो मागाहून वाढणारच. मधेच वाळूवर तपकिरी थर चढतो. ते डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

या काळात पंप बंद पडू देऊ नका. या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन लागतो. वीज तासन्‌तास गेली तर फिल्टरमधले गुदमरतात. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्यावा. पाणी आटलं की साधं आरओचं पाणीच भरा, कारण मीठ काही उडून जात नाही.

टाकी तयार झाली हे कॅलेंडर सांगत नाही. 2 पीपीएम अमोनिया घालून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तरच ती तयार. मग साठलेलं नायट्रेट कमी करायला बरंचसं पाणी बदलायचं आणि पहिला मासा आणायचा: एखादा लहान क्लाउनफिश, शक्यतो समुद्रातून पकडलेला नव्हे तर पैदास केंद्रातला. सूक्ष्मजीव मिळेल त्या अन्नाइतकेच टिकतात, म्हणून दुसरा मासा आठवडाभर अमोनिया शून्य राहिल्यावरच.