पुण्यात उणे ४० अंश? गाडीचा हवेचा सेन्सर तपासताना

डिसेंबरातली सकाळ, गाडीचं अ‍ॅव्हरेज महिनाभर पडलेलं, त्यात चेक इंजिनची लाईट लागली. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीचे बिघाड वाचायचा सॉकेट) ब्लूटूथ स्कॅनर लावला आणि मोबाईलवर बघतो तर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान उणे ४०! बाहेर चांगलं १४ होतं.

हा आकडा कुठून येतो ते कळलं की अर्धं काम झालं. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो (हा उलटा गुण फॅरेडेने १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता, मला याचं अजून नवल वाटतं). बऱ्याच गाड्यांत २० अंशाला साधारण अडीच किलोओहम आणि ८० अंशाला जेमतेम तीनशे-साडेतीनशे ओहम. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, त्याला ५ व्होल्टची लाइन देतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट दिसतात त्यावरून तापमान काढतो. वायर तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, ईसीयूला वाटतं भयंकर थंडी आहे, आणि ओबीडीच्या भाषेत तापमान उणे ४० च्या खाली सांगताच येत नाही, म्हणून तिथेच अडकतं. बिघाडाचा कोड येतो पी०११३. उलट शॉर्ट झाला तर हवा शंभराच्या पार गेलेली दिसते, कोड पी०११२.

आता हे इतकं महत्त्वाचं का, तर थंड हवा दाट असते. ० अंशाची हवा ४० अंशाच्या हवेपेक्षा जवळपास १५ टक्के जड, म्हणजे तेवढा जास्त ऑक्सिजन, म्हणून पेट्रोलही जास्त लागतं. तापमान चुकलं की हिशोब चुकतो, मग स्टार्टिंगला त्रास, पिकअप नाही, कधी काळा धूर.

पण कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलायला धावू नका, कोड सर्किटबद्दल बोलतो, सेन्सरबद्दल नाही. मला गॅरेजमध्ये थेट नवीन सेन्सर टाका असंच सांगितलं होतं. मी कनेक्टर काढला, स्कॅनरवर उणे ४० तसंच. मग कनेक्टरच्या दोन पिना छोट्या वायरने जोडल्या, खरं तर आकडा एकदम वर उडायला हवा होता, तो हललाच नाही. म्हणजे दोष वायरिंगमध्ये. टेप सोलली तर कनेक्टरपासून दोन बोटांवर तांबं हिरवं पडून तुटलेलं, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत! (ही युक्ती फक्त दोन पिनांच्या सेन्सरला. चार पिनांचा असेल तर त्यात बहुधा प्रेशर सेन्सरही असतो, तिथे अंदाजाने पिना जोडू नका, ईसीयू जाऊ शकतो.)

अवघड केस वेगळीच, सेन्सर जिवंत असतो पण खोटं बोलतो आणि लाईटही लागत नाही. त्यासाठी गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन ऑन करा आणि हवेचं तापमान, कूलंटचं तापमान आणि बाहेरचं तापमान शेजारी शेजारी बघा. तिन्ही दोन-चार अंशांच्या आत हवेत. एकटा हवेचा आकडा पंधरा-वीस अंशांनी लांब असेल तर सेन्सर काढून मल्टीमीटर लावा, हेअर ड्रायरने हळूहळू तापवा, रेझिस्टन्स सलग उतरला पाहिजे, मध्येच उड्या मारल्या तर सेन्सर गेला.

माझी वायर जोडल्यावर आकडा १६ वर आला. नंतर सिग्नलला उभा असताना ४५ पर्यंत चढला तेव्हा पुन्हा धस्स झालं, पण ती बॉनेटखालची कोंडलेली गरमी, गाडी पळायला लागली की मिनिटा-दोन मिनिटांत खाली येते.