एक इंजिन बंद, तरी माघारी का?

31 ऑगस्ट 2025 ला दिल्लीहून इंदूरला निघालेल्या विमानात उजव्या इंजिनाला आग लागल्याचा इशारा मिळाला. वैमानिकांनी ते इंजिन बंद केलं आणि विमान दिल्लीलाच सुखरूप उतरवलं. आमच्या इंदूरच्या रामबागेत पोहे खाताना एका काकांनी विचारलं, "एका इंजिनावर उडतं ना? मग तासाभराचा तर रस्ता, इकडेच आणायचं की!"

उडतं, हे खरं. ऐन उड्डाणात एक इंजिन गेलं तरी दुसऱ्यावर चढता आलं पाहिजे, त्याशिवाय अशा जेटला परवानाच मिळत नाही. पण दुसरंही गेलं तर हाती फारसं काही उरत नाही, म्हणून वेळेच्या हिशेबानं जवळचा योग्य विमानतळ गाठायचा. 1953 पासून अमेरिकेत दोन इंजिनांच्या विमानानं विमानतळापासून 60 मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही, असा नियम होता. पिस्टन इंजिनांचा तेव्हा भरवसा नव्हता. जेट इंजिनांनी तो कमावला आणि 1985 मध्ये अटलांटिकवर 120 मिनिटांची मुभा मिळाली. वाट किती लांबची धरायची, एवढ्यापुरतीच ही मुभा. बिघाडानंतर जवळचा विमानतळ ओलांडून जा, असं ती सांगत नाही.

खरा धडा मात्र 8 जानेवारी 1989 चा. हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग 737-400 च्या डाव्या इंजिनातलं पंख्याचं एक पातं तुटलं. विमान थरथरू लागलं, धुराचा वास आला. वैमानिकांनी घाईत उजवं, म्हणजे धडधाकट इंजिन बंद केलं. योगायोगानं थरथर कमी झाली, त्यामुळे निर्णय बरोबरच वाटला. कंपन दाखवणारी तबकडी इतकी छोटी की तिकडे लक्षच गेलं नाही. डावीकडच्या ज्वाळा काही प्रवाशांनी पाहिल्या होत्या. कप्तानानं 'उजवं' म्हटलेलंही त्यांनी ऐकलं. बोललं कुणीच नाही. धावपट्टीच्या अलीकडे, केगवर्थ गावाजवळ विमान कोसळलं. 47 माणसं गेली.

आता घाईला मुद्दाम खीळ घातलेली असते. उड्डाण करताना बिघाड झाला तर साधारण 400 फुटांपर्यंत फक्त विमान सांभाळायचं. मग एकानं इंधनाच्या स्विचवर हात ठेवायचा, दुसऱ्यानं 'हेच' अशी खात्री द्यायची, तेव्हाच तो बंद करायचा. एअरबस 320 मध्ये आग विझवणारी पहिली बाटली सोडल्यावर 30 सेकंदांनीही इशारा कायम असेल, तरच दुसरी सोडायची.

केबिनमधून आग दिसली तर कॉकपिटला कळवायचंच, हेही कर्मचाऱ्यांना शिकवलं जातं. खिडकीशी बसलेल्या काकांनी बेल दाबली तरी कुणी रागावणार नाही.