फायरफॉक्सने जुनी एक्स्टेन्शन्स का सोडली?

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्स ५७ आलं आणि त्या एका अपडेटसरशी हजारो जुनी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जादा सोयी देणारे छोटे प्रोग्रॅम) बंद पडली. लोक फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलावर भडकले, आणि त्यांचा राग रास्तच होता. पण या निर्णयाचं मूळ २००४ मधल्या रचनेत आहे.

फायरफॉक्स १.० आलं तेव्हा एक्स्टेन्शनसाठी आखून दिलेली वेगळी एपीआय (ब्राउझरकडून काम करून घ्यायच्या ठरलेल्या आज्ञा) जवळजवळ नव्हतीच. ब्राउझरचा स्वतःचा इंटरफेस एक्सयूएलमध्ये, म्हणजे मोझिलाच्या इंटरफेस रचायच्या भाषेत, लिहिलेला होता आणि एक्स्टेन्शनला थेट त्यावरच आपला थर चढवता येई. मूळ फाइलमधल्या टूलबारचा आयडी द्यायचा, की तिथे आपलं बटण हजर! डिस्कवरच्या फाइल वाचणं, नेटवर्कची विनंती अडवणं, हेही एक्सपीकॉममधून, म्हणजे ब्राउझरच्या आतल्या घटकांपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेतून, खुलं. पानांवर आपली स्क्रिप्ट चालवणारं ग्रीसमंकी, पानाचा कोड तपासणारं फायरबग, जाहिराती अडवणारं अ‍ॅडब्लॉक प्लस ही एक्स्टेन्शन्स या मोकळिकीतच वाढली. फायरबगने तर वेब डेव्हलपरची कामाची पद्धतच बदलून टाकली.

पण आतली जी जी गोष्ट बाहेरच्यांच्या हाती जाते, ती पुढे बदलणं अवघड होऊन बसतं. मोझिलाने एखादा आयडी बदलला, की कुणाचं तरी एक्स्टेन्शन मोडायचं. म्हणून आपण कोणत्या आवृत्तीपर्यंत चालतो, हे प्रत्येक एक्स्टेन्शनला लिहून द्यावं लागे. २०११ पासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली आणि हा हिशेब कोलमडला. फायरफॉक्स १० पासून बहुतेक एक्स्टेन्शन्स चालतीलच असं धरायला सुरुवात झाली, तरी मूळ दुखणं राहिलंच. वेबपानं वेगळ्या प्रोसेसमध्ये न्यायचं इलेक्ट्रोलिसिस या प्रकल्पाचं काम लांबलं, त्याचं एक मोठं कारण हेच: जुनी एक्स्टेन्शन्स पानाच्या आत थेट हात घालत.

क्रोमने जानेवारी २०१० मध्ये उलट वाट धरली. परवानग्या मॅनिफेस्टमध्ये (एक्स्टेन्शनची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) मागायच्या आणि ठरलेल्या एपीआयमधूनच काम करायचं. ग्रीसमंकी लिहिणारे आरन बूडमन गूगलमध्ये याच यंत्रणेवर काम करत होते. ऑगस्ट २०१५ मध्ये मोझिलाने जुन्या पद्धतीच्या जागी क्रोमशी बरीचशी जुळणारी वेबएक्स्टेन्शन्स ही एपीआय जाहीर केली. डाउनलोड सांभाळणारं डाउनदेमऑल नव्याने लिहावं लागलं. फायरफॉक्सला जुनं रूप देणारं क्लासिक थीम रिस्टोरर कायमचं गेलं.

माझ्या मते मर्यादित एपीआयचा निर्णय बरोबरच होता. मात्र ती मर्यादा कोण आखतं, यालाही तितकंच महत्त्व आहे. मॅनिफेस्ट व्ही३ (एक्स्टेन्शनच्या नियमांची नवी आवृत्ती) आणताना क्रोमने सामान्य एक्स्टेन्शन्सची नेटवर्क विनंती स्वतः अडवायची सोय काढून घेतली. फायरफॉक्सने ती ठेवली, म्हणून जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण ताकदीने चालतं.