पत्र कुणाच्या सहीने जायचे?
इंग्लंडमधील कर्करोग नोंदणी आणि जनुकीय संशोधनाचे निमंत्रण

1994 साली बीआरसीए-1 आणि पुढच्याच वर्षी बीआरसीए-2 या जनुकांचा छडा लागला. यातल्या एका जनुकात बिघाड असलेल्या बाईला सत्तरीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका तेव्हा 85 टक्क्यांच्या आसपास सांगितला जाई. आकडा खोटा नव्हता, पण तो निघाला होता एका घरात चार-चार जणींना कर्करोग झालेल्या कुटुंबांतून. जिथे आग लागली तीच घरे मोजली, तर प्रत्येक चुलीने घर पेटते असेच वाटणार. खरा धोका काढायचा तर घराण्याचा इतिहास न पाहता, एखाद्या प्रदेशात निदान झालेल्या सगळ्याच रुग्णांना बोलवायला हवे होते. अशी यादी एकाच ठिकाणी होती: कर्करोग नोंदणीत, म्हणजे कॅन्सर रजिस्ट्रीत.

केंब्रिजच्या ‘सर्च’ या अभ्यासाने 1996 पासून हीच वाट धरली. पूर्व इंग्लंडच्या नोंदणीतून नावे निघत. 1 जुलै 1996 नंतर निदान झालेल्या सत्तरीच्या आतल्या बायका घेतल्या, आणि त्यांच्या जोडीला 1991 पासून तोवर 55 च्या आत निदान झालेल्या. नाव मिळाले म्हणून पत्र थेट टपालात पडत नसे. आधी रुग्णाच्या जीपीला, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरला, विचारले जाई: हिला लिहिले तर चालेल ना? त्याने हरकत घेतली नाही की मग माहितीपत्रक, प्रश्नावली, संमतिपत्र आणि रक्त देण्याची सोय.

या वाटेने काय हाती लागले ते पाहण्यासारखे आहे. त्याच भागातल्या, 55 च्या आत स्तनाचा कर्करोग झालेल्या रुग्णांमध्ये बीआरसीए-1 चा बिघाड 0.7 टक्के आणि बीआरसीए-2 चा 1.3 टक्के इतकाच निघाला. 2003 मध्ये अशा 22 अभ्यासांची बेरीज झाली. त्यात सत्तरीपर्यंतचा धोका बीआरसीए-1 साठी 65 टक्के आणि बीआरसीए-2 साठी 45 टक्के आला. स्तन काढून टाकायचे की नुसती तपासणी चालू ठेवायची, या निर्णयापुढे 85 आणि 45 यांत केवढे अंतर आहे ते वेगळे सांगायला नको.

नोंदणीची यादीही निर्दोष नसतेच. 1991 ते 1996 या गटात साहजिकच 1996 मध्ये हयात असलेल्याच बायका आल्या. ज्यांचा आजार वेगाने पसरला त्या पत्र निघण्याआधीच गेल्या. एखादा बिघाड आक्रमक गाठीशी निगडित असेल, तर अशा गटात तो कमी दिसतो आणि आजार उगाच सौम्य वाटतो. अंडाशयाच्या कर्करोगात हा घोळ आणखी मोठा. म्हणून निदान आणि पत्र यांतले अंतर शक्य तितके कमी ठेवावे लागते. पण फार घाई केली तर निदान अजून नीट न पचलेल्या बाईच्या हातात संशोधनाचे पाकीट पडते. जीपीला विचारण्याची पायरी होती ती यासाठीच. तिच्यामुळे आठवडे जातात, आणि जीपीने उत्तरच दिले नाही तर ते नाव तिथेच अडकते.

हे सगळे कुठल्या अधिकाराने चालले होते? 2000 पर्यंत हा प्रश्न कुणी फारसा विचारला नव्हता. रुग्णालये नोंदणीकडे नावानिशी माहिती पाठवत, रुग्णाला बहुधा पत्ताही नसे. त्या वर्षी जनरल मेडिकल कौन्सिलने, म्हणजे डॉक्टरांच्या नियामक संस्थेने, गुप्ततेबाबत नवी मार्गदर्शिका काढली आणि संमतीशिवाय नावे दिल्यास आपण गोत्यात येऊ, अशी धास्ती डॉक्टरांना वाटू लागली. नोंदणीच बंद पडते की काय अशी वेळ आली. तोडगा म्हणून 2001 च्या आरोग्यविषयक कायद्यात, ठरावीक कामांसाठी संमतीशिवायही नावे देण्याची मुभा देणारे कलम 60 आले, आणि 2002 च्या नियमांतला दुसरा नियम खास कर्करोगाच्या नोंदींसाठी लिहिला गेला. तेच कलम 2006 च्या एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) कायद्यात कलम 251 झाले. संशोधक मंडळी आजही ‘आमच्याकडे 251 आहे’ असेच बोलतात.

251 म्हणजे मोकळे रान नव्हे. अर्ज 2013 पासून गोपनीयता सल्लागार गटापुढे जातो. पहिला प्रश्न ठरलेला: उपचार करणारे डॉक्टर स्वतः पत्र का पाठवू शकत नाहीत? दुसरा: नावाची गरज कधी संपेल? पत्र पाठवण्यापुरते नाव हवे असेल, तर उत्तर न देणाऱ्यांची नावे आणि पत्ते नष्ट करण्याची तारीख द्यावी लागते. मंजुरीचा दरवर्षी आढावा होतो. उत्तर न देणाऱ्यांविषयी काहीच माहिती ठेवता येत नाही, ही संशोधकांची जुनी कुरकुर आहे, आणि ती अगदीच गैरवाजवी नाही: कोण आले नाही हे कळल्याशिवाय आलेल्यांचा कल कसा मोजणार?

मग 2014 उजाडले. जीपींच्या दप्तरातली माहिती एकत्र करण्याच्या ‘केअर डॉट डेटा’ योजनेची पत्रके घरोघरी टाकली गेली. पिझ्झाच्या जाहिरातींसोबत आलेली ती पत्रके अनेकांनी पाहिलीही नाहीत. आरडाओरडा झाला, फेब्रुवारीत योजना थांबली आणि 2016 मध्ये गुंडाळली गेली. रुग्णांच्या माहितीच्या राष्ट्रीय रक्षक (नॅशनल डेटा गार्डियन) फियोना कॅल्डिकॉट यांच्या अहवालानुसार 25 मे 2018 पासून राष्ट्रीय नकाराची सोय आली: माझी माहिती उपचार सोडून इतर कामाला वापरू नका, असे एकदाच सांगायचे.

निमंत्रणाच्या कामात तिचा अर्थ असा. प्रत्येकाला दहा आकडी एनएचएस क्रमांक असतो. शेवटचा आकडा आधीच्या नऊंवरून काढलेला असल्यामुळे टंकनाची चूक बहुतेक वेळा जागीच पकडली जाते. निवडलेल्या क्रमांकांची यादी सुरक्षित मार्गाने तपासणीला जाते. नकार दिलेल्यांचे क्रमांक गाळून ती परत येते. नकार अंमलात यायला 21 दिवसांपर्यंत लागू शकतात. जुनी यादी तशीच छापखान्यात दिली, तर नकार देऊन बसलेल्यालाच पत्र जाते आणि तक्रार वर्तमानपत्रात. त्याहून वाईट म्हणजे मृत व्यक्तीच्या नावाने गेलेले पत्र. म्हणून हयातीची आणि पत्त्याची पडताळणी पत्रे छापायच्या अगदी आदल्या टप्प्यावर करतात. पाकिटावर कर्करोगाचा शब्दही नको; घरात कुणाला सांगितलेले नसू शकते.

गंमत अशी की रुग्णालयाकडून नोंदणीकडे जाणाऱ्या माहितीला हा राष्ट्रीय नकार लागू होत नाही. नोंदणीतून नाव वगळायचे तर वेगळे कळवावे लागते. हा फरक रुग्णांना सोडाच, कित्येक डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही.

पुढची पायरी एनएचएस डिजिट्रायल्सची. इथे संशोधकाच्या हाती नावे येतच नाहीत: निकष तो देतो, यादी एनएचएस काढते, पत्रही एनएचएसच्याच नावाने जाते. रक्तातल्या डीएनएच्या तुकड्यांवरून कर्करोगाचा माग काढणाऱ्या एनएचएस-गॅलेरी चाचणीसाठी 2021 पासून 50 ते 77 वयाच्या लोकांना अशीच बोलावणी गेली, आणि सुमारे 1 लाख 40 हजार जण आले. ज्याला माणसे हवीत त्याला यादी दिसत नाही, आणि ज्याला यादी दिसते तो संशोधन करत नाही. 1996 मध्ये जीपी जे दार राखत होता, ते आता या विभागणीने राखले जाते. फक्त ‘हिला आत्ता नको’ हे सांगणारा माणूस तेवढा मधून गेला.

एक दार मात्र अजून बंदच आहे: नातेवाइकांचे. बिघाड सापडलेल्या बाईच्या बहिणीला नोंदणी परस्पर लिहीत नाही. पत्र तयार करून बाईच्याच हाती देतात. ते पुढे द्यायचे की नाही, हे तिने ठरवायचे. बोलणे तुटलेल्या भावंडांत ते तिच्या टेबलाच्या खणातच राहते.

आपल्याकडे मुंबईत 1963 पासून आणि बार्शीत 1987 पासून लोकसंख्येवर आधारित नोंदणी आहे. तिथे मात्र माहिती आपोआप येत नाही. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये आणि मृत्यूनोंदी धुंडाळून ती गोळा करतात, आणि एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नाव, वय, पत्ता जुळवत बसतात. आडनाव एका ठिकाणी सासरचे, दुसऱ्या ठिकाणी माहेरचे असले की अडले.